फासे सोडा, तो कागद बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की हल्ली कॉलेजची पोरं घरात बसून फासे टाकतात, राक्षस मारतात, आणि आईबाप कौतुकानं त्यांना चहा-पोहे पुरवतात, हा जुगाराचा पहिला धडा आहे वगैरे. ते चहा-पोहे पुरवणारे बाप म्हणजे आम्हीच. म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार हे आधीच सांगतो, कात्री चालवायची असेल तर चालवा पण बायकोचा भाग तेवढा कापू नका.

मी साताऱ्यात विम्याचा एजंट आहे, २८ वर्षं झाली. वय ५६. आमची लेक इंजिनिअरिंगला आहे, तिचे चार मित्रमैत्रिणी दर रविवारी आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. आधी मलाही वाटलं होतं हे काय खूळ, सात-सात फासे, एकाला चार बाजू, एकाला बारा, एकाला तर वीस, हिरवे काचेसारखे, आमच्या आईला ते आधी चॉकलेटं वाटली. जुगार म्हणाल तर पैशाचा संबंध शून्य. कोण जिंकतंय तेही मला चार रविवार कळलं नाही, शेवटी विचारलं तर लेक म्हणाली बाबा कुणीच जिंकत नसतं, गोष्ट पुढं जाते. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात, बाकीचे आपापल्या पात्राचं काय ते सांगतात, आणि जिथं जमेल का नाही शंका असेल तिथंच फासा टाकायचा. वाचक महाशय, अमेरिकेत ८० च्या दशकात ह्याच खेळावरनं लई मोठा गदारोळ झालेला, पोरांना सैतानाची पूजा शिकवतात म्हणून, त्यामुळं तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नसाल.

पण माझं पत्र फाशाबद्दल नाहीच. फाशांशेजारी प्रत्येकाच्या पुढ्यात एक कागद असतो त्याबद्दल आहे. त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. पहिल्यांदा तो हातात घेतला आणि मी उडालोच, कारण हा फॉर्म मी जन्मभर भरतोय! नाव, वय, उंची, वजन, पूर्वीचा धंदा, अंगात ताकद किती, तब्येत कशी, जवळ काय काय सामान. आमच्या प्रपोजल फॉर्ममध्ये दुसरं काय असतं, उंची, वजन, पोटाचा घेर, अंगावरची ओळखीची खूण, वडील कितव्या वर्षी गेले आणि कशानं गेले. मग लेकीनं सांगितलं की हा खेळ काढणाऱ्या दोघांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, तो शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर होता. अंडररायटर म्हणजे आम्ही आणलेला फॉर्म वाचून ह्या माणसाचा विमा घ्यायचा का, घेतला तर हप्ता किती लावायचा हे ठरवणारा. १९७० मध्ये त्याची नोकरी गेली, मग काही दिवस बूट दुरुस्त करून पोट भरलं, आणि १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसन नावाच्या मित्राबरोबर हा खेळ काढला, पहिल्या हजार प्रती, खोकी घरच्या घरी भरलेली. आता ह्यावर कुणी म्हणेल योगायोग. मी नाही म्हणणार. माणसाला आकड्यात बसवायची खोड आमच्या धंद्यात एकदा लागली की सुटत नाही.

मूळ नियमात सहा गुण, आणि प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, म्हणजे कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८. तीन फाशांचे एकूण २१६ प्रकार होतात, त्यात १८ पडायचा प्रकार फक्त एक, ३ पडायचाही एकच, आणि १० किंवा ११ पडायचे तब्बल ५४. म्हणजे चारात एक माणूस बरोब्बर मधोमध. आमच्या भाषेत ह्यांना स्टँडर्ड लाइफ म्हणतात, धंदा ह्यांच्यावरच चालतो. मला स्वतःला शुगर असल्यामुळं मी सबस्टँडर्ड लाइफ आहे, हे शब्द खरेच वापरतात हो, कागदावर छापून येतात, आणि मी स्वतः हसत हसत कित्येकांना ते समजावून सांगितलेत.

तर एका रविवारी त्यांचा एक गडी आला नाही, खेळ अडला, आणि लेक म्हणाली बाबा तुम्ही बसा, पण खोटं पात्र नको, तुमचंच शीट भरू. मी म्हटलं टाकतो फासे. ती म्हणाली जिवंत माणसाला फासा कशाला, खरं खरं लिहा की.

खरं लिहायचं म्हटल्यावर पेन थांबलं बघा.

पहिला रकाना स्ट्रेंथ. नियम असा की स्ट्रेंथचा आकडा गुणिले १५, तेवढे पौंड ओझं माणूस वागवू शकतो. म्हणजे १० लिहिले तर १५० पौंड, ६८ किलो. हे पुस्तक लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी पोतं उचललेलं दिसत नाही. परवाच सिलिंडरवाला खालीच टाकी ठेवून गेला, आत गॅस १४.२ किलो आणि लोखंडाचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे तीसच्या आसपास, ती दुसऱ्या मजल्यावर नेताना मी दोनदा थांबलो, दुसऱ्यांदा तर शेजाऱ्यांच्या दारापुढं चप्पल शोधायचं नाटक केलं. ७ लिहिले. ७ ला उणे दोन. म्हणजे ताकदीचं काही करायला गेलो की फाशावर जे पडेल त्यातनं दोन वजा. आमच्याकडं ह्यालाच एक्स्ट्रा प्रीमियम म्हणतात.

डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे तब्येत, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, ह्यात तुमची जागा अडवत नाही, हप्त्याचा हिशोब तोंडी करतो म्हणून एका ठिकाणी १३ मिळाले, शुगरनं एका ठिकाणी घालवले, फिटंफाट. करिश्म्यावर मात्र घरात भांडण झालं. लेक म्हणाली १६, बाबा दगडालाही पॉलिसी विकतील. आतून कुकरच्या शिट्टीबरोबर आवाज आला, ९! ह्यांना बघून लोक रस्ता ओलांडतात. दोन्ही खरं आहे. पोवई नाक्यावर मी स्वतः पाहिलंय, मी दिसलो की चांगला ओळखीचा माणूस फोन कानाला लावून पलीकडच्या बाजूला जातो, आणि फोन उलटा धरलेला असतो. माझ्या आईनं मध्यस्थी करून १२ वर तोडलं.

मग विस्डम. ह्या खेळात विस्डम म्हणजे शहाणपण कमी आणि ध्यान जास्त, म्हणजे समोरचं किती दिसतं, किती ओळखता. त्यातून एक आकडा निघतो, पॅसिव्ह पर्सेप्शन, मुद्दाम न बघता तुम्हाला आपोआप काय दिसतं त्याचा. म्हटलं आता आमचा हात धरणारा कोणी नाही. मी कुणाच्या घरी गेलो की बसायच्या आधी मला सगळं दिसलेलं असतं. माणूस म्हणतो बिडीकाडीचं व्यसन नाही, आणि दोन बोटांची पेरं पिवळी असतात. म्हणतो घरात कुणाला काही आजार नाही, आणि टीव्हीच्या मागनं गोळ्यांच्या पट्टीचा कोपरा डोकावत असतो. तंबाखू खाणारा बोलताना एकदा तरी उजव्या अंगठ्यानं डावा तळवा चोळतो, तळव्यावर काही नसलं तरी. आम्हाला ह्यावर वेगळा रिपोर्ट द्यावा लागतो, ह्या माणसाच्या सवयी, ऐपत, वागणूक, म्हणजे ह्याच्यावर कंपनीनं विश्वास ठेवावा का नाही. मोठ्या रकमेला मॉरल हॅझर्ड रिपोर्ट म्हणून स्वतंत्र कागद असतो. १५ लिहिले मी. कुणी हरकत घेतली नाही.

आणि त्याच पानावर पुढं चार चौकोन होते, त्यातला शेवटचा फ्लॉ. खोट. तुमच्या पात्रात खोट काय ते एका वाक्यात लिहा.

संपादक साहेब, २८ वर्षं मी दुसऱ्यांची खोट लिहिली. माझी लिहा असं कुठल्याच फॉर्मनं विचारलं नव्हतं. पोरांपुढं मी गमतीत लिहिलं, ‘गोड खातो’. पोरं हसली. रात्री सगळे झोपल्यावर ते खोडलं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील, माझा एक ग्राहक होता, वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप चालवायचा, मेढ्याच्या बाजूचा. सहामाही हप्ता, आणि दर वेळी उशीर. दर वेळी मी फोन करायचो, अरे तारीख उलटली, तो म्हणायचा भरतो की साहेब. हप्त्याची तारीख गेल्यावर ३० दिवस सवलतीचे असतात, त्याला ग्रेस म्हणतात, त्यात माणूस गेला तरी पैसे मिळतात. एका वर्षी लग्नसराई होती, मेव्हण्याचं लग्न आमच्याच घरनं झालं, आणि त्या गडबडीत मी त्याला फोन केला नाही. म्हणजे विसरलो असंही नाही. एकदा त्याचं नाव स्क्रीनवर काढलेलं, तेवढ्यात कुणीतरी मांडववाल्याचे पैसे विचारले आणि फोन खिशात गेला. घाटात जीप गेली तेव्हा ग्रेस संपून सहावा दिवस होता. त्याच्या बायकोनं मला एका शब्दानं विचारलं नाही. तिला माहीतच नव्हतं की मी फोन करत असतो.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना सांगताना मी म्हणायचो नशीब बिचाऱ्याचं, दान उलटं पडलं. आता त्या पोरांचा खेळ बघून बघून मला एक फरक कळला, तिथं फासा टाकायच्या आधी डीएम विचारतो, तू काय करतोयस? आधी ते सांगायचं, मग फासा. मी काही केलंच नव्हतं. माझ्यापुरता तिथं फासा पडलाच नाही. जुगार जुगार म्हणणाऱ्या वाचकांना माझं एवढंच म्हणणं आहे, नशिबावर ढकलायची सवय मला ह्या पोरांच्या फाशांनी लावलेली नाही, ती आधीपासनं होती.

चौकोनात काय लिहिलं ते इथं लिहीत नाही.

आता बायकोचं.

पुढच्या रविवारी लेकीनं आईचा कागद काढला. आई म्हणाली माझं काय भरायचंय त्यात, कणीक भिजवायचीय. तरी पोरगी तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहून एकेक विचारायला लागली. मी बाहेर पेपर वाचत होतो, तुमचाच. वर्ग काय लिहू, म्हणजे योद्धा, चोर, जादूगार, भटजी असे प्रकार असतात, तर बायको म्हणाली सगळे लिही, सकाळी चोर, कारण तुझ्या बाबांच्या खिशातून सुट्टे काढते, महिनाअखेरीला जादूगार. मग विश्रांतीचा विषय निघाला. ह्या खेळात जखमा भरायला, दमलेलं उतरायला लाँग रेस्ट घ्यावी लागते, सलग आठ तास, त्यात निदान सहा तास झोप. शॉर्ट रेस्ट म्हणजे निदान एक तास, काही न करता बसायचं. बायकोनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, पुन्हा वाच. पोरीनं पुन्हा वाचलं.

‘मग तुझ्या नियमानं मी २६ वर्षांत एकदाही बरी झालेली नाही.’

पोरगी हसली. मग हसायची थांबली. कारण त्याच्या पुढचं पान होतं एक्झॉशनचं, दमणूक, पोरांकडच्या २०१४ च्या पुस्तकात तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला कुठलंही काम धड होत नाही, म्हणजे दोनदा फासा टाकून त्यातला कमी आकडा घ्यायचा. दुसऱ्या पायरीला चालायचा वेग अर्धा. तिसरीला सगळ्या झटापटीत मागं पडणं. चौथीला अंगातला जीवच अर्धा. पाचवीला जागेवरून हलता येत नाही. सहावीला संपलं. बायकोनं पोळी लाटता लाटता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, दुसरी लिही, गौरी-गणपतीत तिसरी असते.

मी पेपरमधून वर बघितलं. पॅसिव्ह पर्सेप्शनवाला. परक्याच्या घरात टीव्हीमागची गोळ्यांची पट्टी दिसते मला, आणि ही बाई बेसिनपासून गॅसपर्यंत जाताना ओट्याला हात टेकवत टेकवत जाते हे मला त्या दिवशी दिसलं. दोन पावलांचं अंतर आहे ते.

आमच्या लग्नात पत्रिका जुळवली होती, छत्तीसपैकी साडेबावीस गुण. छत्तीस म्हणजे वर्ण १, वश्य २, तारा ३ असं चढत नाडी ८ पर्यंत, आणि १८ च्या वर गेले की ठीक म्हणतात. त्या खेळात १८ म्हणजे पैलवान आणि इथं १८ म्हणजे काठावर पास. पण त्या छत्तीसात एक गुण असा नाही की ही दमेल किती आणि दमली तर बसेल कुठं. आणि आमच्या धंद्याचा फॉर्म? गृहिणी असेल तर धंद्याच्या रकान्यात गृहिणी, उत्पन्नाच्या रकान्यात आडवी रेघ, आणि तिचा विमा किती घ्यायचा तर आधी नवऱ्याचा किती आहे ते बघून. नवऱ्याचा नसेल तर सहसा तिचाही नाही. ती रेघ मी किती हजार वेळा मारली असेल. पट्टी न लावता सरळ येते आता. बायकोच्या स्वतःच्या पॉलिसीवर पण मीच मारलेली आहे, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, ती शेजारी बसून सही कुठं करू विचारत होती.

आणि एका चप्पल शिवणाऱ्या बेकार अंडररायटरच्या खेळात, जो राक्षस मारायला काढला, तिथं दमणुकीला अख्खं पान आहे. खेळात ते बऱ्याच वर्षांनी आलं, पुढच्या लोकांनी घातलं, पण आलं तरी.

माझ्या आईचंही शीट भरलं, ती ८१ वर्षांची आहे, तिचं वेगळंच. तिनं फासा टाकायचा हट्ट धरला. लहानपणी त्यांच्या वाड्यात दिवाळीत सारीपाट मांडायचे, लांबडे तीन फासे, एकावर एक आणि दोघांवर सहा-सहा पडले की पौ बारा, ते शब्द आपण अजून वापरतो आणि पट कुणाकडं उरला नाही. तिनं वीस बाजूंचा तो हिरवा फासा तळहातात खुळखुळवला, तोंडाजवळ नेऊन काहीतरी पुटपुटली आणि टाकला, वीस! पोरांनी घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली पौ बारा, आणि उठून देवापुढं दिवा लावायला गेली, पुन्हा टाकायला तयार नाही. कुठं थांबायचं कळतं तिला. विस्डम १८ लिहिले पोरांनी, न विचारता.

तर माझी सूचना अशी आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान राशिभविष्य असतं, माझी रास वृश्चिक, गेल्या आठवड्यात प्रवासयोग होता, कोरेगावपर्यंत गेलो. एका रविवारी ते बाजूला ठेवून तिथं हा कोरा तक्ता छापा. आकडे नकोत हवे तर, नुसते रकाने, ताकद, ध्यान, खोट, दमणूक. लोक भरतील. नवरे-बायका एकमेकांचा भरून बघतील आणि मग जी भांडणं होतील त्याला तुम्ही जबाबदार नाही असं खाली बारीक अक्षरात छापा, आम्हीही छापतो.

बायकोचं शीट फ्रिजला मॅग्नेट लावून चिकटवलंय. विश्रांतीच्या रकान्यात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘रविवार, दुपारी दोन ते चार. उठवू नये.’ लेक म्हणाली आई ही तर शॉर्ट रेस्टच झाली, लाँग नाही. ती म्हणाली चालेल.

परवाच्या रविवारी अडीचला बेल वाजली. दारात जुना ग्राहक, मॅच्युरिटीचे पैसे कधी जमा होणार विचारायला उन्हातनं आलेला, आवाज मोठा. मी तोंडावर बोट ठेवलं, बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं, आणि आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसून सगळा हिशोब कुजबुजत केला. त्याला वाटलं घरात कुणीतरी आजारी आहे. पाणी पण मागितलं नाही बिचाऱ्यानं.

आपला,
एक विमा एजंट, सातारा
(नाव छापू नये, रस्ता ओलांडणारे वाढतील)